गोड आवाजाची साक्ष

आईचे दिवस होईपर्यंत ऋजुता मगदूम कुणाशी फारसं बोलली नाही. आलेल्यांना चहा विचारला, निघालेल्यांना दारापर्यंत सोडलं, आणि आतल्या आत एकच गोष्ट घोटत राहिली. सिस्टर अनुग्रहा सातपुतेचं नाव नर्सिंगच्या पटावरून गेलं पाहिजे. बदली नको, ताकीद नको. त्या बाईला पुन्हा कुठल्याही रुग्णाच्या मनगटावर बोट ठेवता येऊ नये.

रडणं तिला जमलं नव्हतं. राग मात्र जमत होता, आणि राग आला की निदान झोप लागत होती.

कुमुद मगदूम, म्हणजे तिची आई, मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावातले लोक तिला आवाजावरून ओळखायचे. भोंग्यातून ती कोल्हापूरची गाडी फलाटावर बोलवायची ते गाडीच्या कानाला धरून आणल्यासारखं. ड्रायव्हर-कंडक्टर तिला कंट्रोलर मॅडम म्हणत, ती त्यांना नुसत्या आडनावानं हाक मारी. घरीही तोच सूर. आमटी वाढतानासुद्धा ती गाडी सोडल्यासारखी बोलायची. ऋजुता पुण्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागल्यावर दोघींचं बोलणं रोज फोनवर व्हायचं, आणि ते कुणी चोरून ऐकलं असतं तर भांडण चाललंय असंच समजलं असतं. काय जेवलीस, भात, नुसता भात कोण खातं, अक्कल गहाण टाकलीस का, तू नको शिकवूस, मग कोण शिकवणार. असं झालं की दोघीही समाधानानं फोन ठेवायच्या.

आईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली आणि ती यकृतापर्यंत गेलेली होती. डॉक्टरांनी हे ऋजुताला वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये सांगितलं. ते बोलून पुरे व्हायच्या आत ती म्हणाली, "आईला सांगू नका." त्या पॅसेजमध्ये उभं राहून आजवर किती मुला-मुलींनी हेच वाक्य म्हटलं असेल. डॉक्टरांनाही त्यात काही नवं वाटलं नाही. आईला सांगण्यात आलं की स्वादुपिंडाला सूज आहे, औषधानं उतरेल.

पण खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज बोलावं लागतं. आणि आईसमोर खोटं बोलणं ऋजुताला कधी साधलं नव्हतं. विनातिकीट माणूस गाडीतून उतरायच्या आधी ओळखणारी बाई ती. ऋजुताच्या चेहऱ्यावरून तिनं अर्ध्या मिनिटात सगळं वाचलं असतं. म्हणून ऋजुतानं छाया घेतली.

छाया आता बहुतेक मोठ्या इस्पितळांत मिळते. खाटेच्या पायथ्याशी एक पडदा असतो. जवळच्या माणसाचे फोनवरचे जुने संवाद, त्याचा आवाज, चेहरा, बोलण्याचं वळण यंत्राला दिलं की ते माणूस पडद्यावर बोलू लागतं. रुग्णानं काही विचारलं की यंत्रापुढे एकाच वेळी अनेक उत्तरं उभी राहतात, आणि त्या माणसानं यातलं कुठलं दिलं असतं याचा अंदाज बांधून ते एक निवडतं. इथपर्यंत ती हुशार नक्कल. खरी गोम पुढे आहे. रुग्णाच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा असतो आणि तो छायेला जोडलेला असतो. ज्या वाक्यानं नाडी उडते ते वाक्य रुग्णाला सोसलं नाही असं यंत्र धरतं आणि पुढच्या वेळी मागं सारतं. ज्या वाक्यानं नाडी संथ होते ते पुढे आणतं. असं होत होत छायेच्या बोलण्यातले काटे झडतात. रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, हे अभ्यासांनी दाखवलं होतं आणि ऋजुतानं ते अभ्यास वाचले होते. त्यातली गणितं तपासली होती. बरोबर होती.

त्याशिवाय घरच्यांनी सांगितलेले विषय छाया काढत नाही. आजाराचं नाव तर तिच्या तोंडून येणं शक्यच नव्हतं. म्हणून ऋजुता पुण्यात पेपर तपासत बसे आणि तिची छाया मिरजेत आईच्या उशापायथ्याशी बसून सूज उतरतेय म्हणून सांगे. रविवारी ती स्वतः जाई, तेही थोडा वेळ, तोंडाला मास्क लावून. मास्कचं कारण ती संसर्गाचं देई.

शेवटचा रविवार तिला घडोघडी आठवायचा. आई उशीला टेकून बसली होती. पडदा बंद होता. ऋजुतानं विचारलं तर म्हणाली, डोळ्यांवर येतो उजेड. मग तिच्या केसांकडे बघून म्हणाली की हे काय झाडू करून ठेवलेत, तेल म्हणून लावत नाहीस. बॅग जमिनीवर ठेवली म्हणून बोलली. आणलेला पेरू कच्चा म्हणून बोलली. ऋजुताला बरं वाटलं, आईला तरतरी आलीय असं वाटलं. निघताना आईनं तिचं मनगट धरलं आणि तेवढंच म्हणाली, "पुण्याची गाडी चुकेल. नीघ आता."

पुढचा रविवार आलाच नाही. शुक्रवारी पहाटे आई गेली.

सामान आवरायला ऋजुता वॉर्डात गेली तेव्हा तिथल्या मावशी चादर ओढता ओढता हळहळल्या. मॅडम लई धीराच्या, म्हणाल्या. सगळं कळल्यावरसुद्धा एकदा डोळ्यातनं टिपूस नाही काढलं.

ऋजुतानं विचारलं, काय कळल्यावर.

मावशी गडबडल्या. पण लपवण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटत होतं, कारण ते कुणी लपवलंच नव्हतं. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला रुग्ण सोपवते, त्याला वॉर्डात ओव्हर देणं म्हणतात. खाटेशेजारी उभं राहून, मोठ्यानं, रुग्णाच्या देखत. त्या दिवशी सातपुते सिस्टरनी ओव्हर देताना सांगितलं होतं की पेशंटनं निदान विचारलं, मी सांगितलं, पेशंटला पूर्ण कल्पना आहे, पडदा त्यांच्या सांगण्यावरून बंद केला आहे. मावशी तिथंच फरशी पुसत होत्या. ते शेवटच्या रविवारच्या चार दिवस आधीचं होतं.

म्हणजे त्या रविवारी आईला सगळं माहीत होतं. केस, बॅग, पेरू, गाडी.

अनुग्रहा सातपुते औषधांच्या ट्रॉलीजवळ सापडली. पन्नाशीची, ठेंगणी, चष्म्याला दोरी बांधलेली. ऋजुतानं विचारल्यावर तिनं हातातलं झाकण लावलं आणि सरळ वळून उभी राहिली.

"तुम्ही आईला सांगितलंत?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं."

"त्यांनी विचारलं."

"काय म्हणाली ती? कळल्यावर?"

"ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला सांगायचं नाही असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं होतं."

ऋजुता अगदी हळू बोलली. "म्हणजे जिला सांगायचं नाही तिला सांगितलंत. आणि जिला सांगायचं तिला नाही."

"तुम्ही बसा जरा, पाणी देते," सिस्टर म्हणाली. त्या पाण्याचा ऋजुताला जितका राग आला तितका मरणाचाही आला नव्हता.

तक्रार परिचर्या नीती मंडळाकडे गेली. तक्रारीत कुठेही चढा शब्द नव्हता. ऋजुतानं वाचायचं ते सगळं वाचून काढलं होतं. नर्सच्या नीतीचे चार खांब सांगतात, रुग्णाची इच्छा मानणं, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं, आणि सगळ्यांना सारखा न्याय. ऋजुतानं तिसरा खांब धरला. सत्य सांगून इजा झाली, शेवटचे दिवस भीतीत गेले, हे सिद्ध झालं की बस. पण भीती सिद्ध करायची कशी? मेलेल्या माणसाला विचारायचं कसं?

त्याचीही सोय नुकतीच झाली होती. ऋजुताची छाया जेवढा काळ आईशी बोलत होती तेवढा काळ आईही तिच्याशी बोलत होती. ते सारं यंत्रात होतं, नाडीसकट. त्यावरून आईची छाया उभी राहू शकत होती, आणि मरणोत्तर साक्षीच्या नव्या नियमानुसार मंडळासमोर बोलू शकत होती. पडदा बंद झाल्यानंतरचं यंत्र अंदाजानं भरून काढे, आणि नियमाला ते चालत होतं. अट दोनच. छाया काही आठवडे जवळच्या नातलगाच्या घरी राहावी, म्हणजे बोलणं भरून येईल. आणि सुनावणीत त्या नातलगानं ती ओळखावी.

पुण्याच्या घरात पडदा लागला. हिरवी सुती साडी नेसलेली आई पहिल्या संध्याकाळी ऋजुताकडे बघून म्हणाली, "ही काय वेळ झाली यायची? घड्याळ विकून खाल्लंस का?"

ऋजुताच्या छातीत असा काही ठोका पडला की तिनं दाराची चौकट धरली. इथं पट्ट्याऐवजी तिच्या मनगटावरचं घड्याळ छायेला जोडलेलं होतं, त्यानं तो ठोका टिपला. दुसऱ्या दिवशी आई जेवणावरून बोलली, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आई थोडी कमी बोलली. ऋजुताचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. ती पडद्यासमोर बसून आपलंच दुःख सांगत होती, सातपुते सिस्टरनं काय केलं ते सांगत होती, आणि आई हूं म्हणत ऐकत होती. हूं म्हटलं की ऋजुताची नाडी संथ व्हायची. सिस्टर चुकलीच, असं म्हटलं की आणखी संथ.

सुनावणी सांगलीत झाली, दुपारी, आवाज करणाऱ्या पंख्यांच्या लांबट खोलीत. मधोमध उर्मिला पेंढारकर होत्या. कधीकाळी मोठ्या इस्पितळाच्या मेट्रन, आता मंडळाच्या अध्यक्षा. अनुग्रहा सातपुते साध्या साडीत आली होती, कारण निकाल लागेपर्यंत गणवेशाला मनाई होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसली होती आणि त्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं असं ऋजुताला दिसलं. ते बघायला ती आली होती.

पेंढारकर बाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं की डॉक्टरांना का नाही सांगितलं. सिस्टर म्हणाली की सकाळच्या राउंडला सांगितलं होतं, पेशंट विचारतायत म्हणून. डॉक्टर बघू म्हणाले. दुपारी पेशंटनं पुन्हा विचारलं.

"काय शब्दांत?"

"त्यांच्याच शब्दांत सांगू?"

"सांगा."

सिस्टरनं चष्मा काढला. "म्हणाल्या, सातपुते, इकडे ये. ही पडद्यावरची बया माझी मुलगी नाही. इतके दिवस झाले, पहिल्या दिवसानंतर एकदाही माझ्यावर खेकसली नाही. एक तर ही ती नव्हे, नाहीतर मी मरायला टेकलेय म्हणून ही माझी कीव करतेय. दोन्हीतलं काय ते सांग."

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. ऋजुताचा चेहरा हलला नाही.

"मग तुम्ही?"

"खुर्ची ओढून बसले. हात धरला. म्हटलं, मॅडम, दोन्ही."

पेंढारकर बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकं सरळ?"

"त्यांनी सरळ विचारलं होतं. बाई, मी पडदा चालू-बंद करते, पट्टा मनगटाला मी बांधते. ते सगळं माझ्या हातून होतं. त्या हातानं त्यांचा हात धरून मी, ही तुमचीच मुलगी आहे, असं म्हणायचं होतं का? डॉक्टरांना ते लांबून जमतं. आम्हाला रात्रभर तिथंच राहायचं असतं."

"आणि मग पेशंट काय म्हणाल्या?"

"ते मी सांगणार नाही."

पेंढारकर बाई पुढे झुकल्या. त्यांनी समजावून सांगितलं की पेशंटनं ते शांतपणे घेतलं असेल तर इजा झाली हा आरोपच उरत नाही. एक वाक्य सांगितलं तरी पुरे. सिस्टर म्हणाली, माहीत आहे. पेंढारकर बाईंनी पुन्हा विचारलं. सिस्टरनं चष्मा पुन्हा घातला आणि मान आडवी हलवली.

ऋजुताच्या मनात तेव्हा काहीतरी कडकडून वाजलं. ते वाक्य त्या बाईच्या तोंडात होतं. आईचं शेवटचं काहीतरी, तिच्याबद्दलचं, त्या ठेंगण्या परक्या बाईच्या दातांमागे होतं आणि ती ते गिळून बसली होती. नोकरी जाईल तरी देत नव्हती. ऋजुताला वाटलं, ठीक आहे. मग नोकरी जाऊ दे.

पडदा लावण्यात आला. हिरव्या साडीतली आई खोलीभर नजर फिरवून ऋजुतावर थांबली आणि मऊ आवाजात म्हणाली, "आलीस बाळा? दमली असशील."

कुमुद मगदूमनं आयुष्यात कुणाला बाळा म्हटलं नव्हतं. पाळण्यातल्या ऋजुतालाही ती मगदूम म्हणायची, अशी गोष्ट घरात सांगत.

पेंढारकर बाईंनी विचारलं त्याला आईनं नीट उत्तरं दिली. मला ते कळायला नको होतं. कळल्यापासून झोप गेली. सिस्टरनं माझ्या मुलीचं ऐकायला हवं होतं. माझ्या मुलीनं माझ्यासाठी सगळं केलं, तिचं काही चुकलं नाही. आवाज तोच. हनुवटी उचलायची लकब तीच. पेंढारकर बाईंच्या शेजारचे सभासद डोळे पुसू लागले.

ऋजुता संख्याशास्त्र शिकवत होती. पडद्याकडे बघता बघता तिला सगळं उलगडलं, एखादं गणित फळ्यावर आपोआप सुटावं तसं. पहिल्या संध्याकाळी आई खेकसली तेव्हा तिचं काळीज उडालं होतं ते दुखलं म्हणून नव्हे. आई परत आली म्हणून. पण नाडीला कारण कळत नाही. यंत्रानं तो ठोका जखमेच्या खात्यात टाकला, आणि खेकसणारी आई एकेक वाक्य करत मागं सारली. मिरजेतही असंच झालं असणार. तिची छाया पहिल्या दिवशी आईवर खेकसली असेल, आईची नाडी आनंदानं उडाली असेल, आणि तिथून पुढे आईच्या खाटेपाशी एक गोड परकी बाई बसून राहिली.

"ऋजुताताई," पेंढारकर बाई म्हणाल्या, "ही तुमची आई, असं तुम्ही ओळखता? बोलणं, वळण, स्वभाव?"

अनुग्रहा सातपुते तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. असती तर कदाचित वेगळं काही झालं असतं. तिथे फक्त वाट पाहणं होतं, खरं काय ते ऐकायला बसलेल्या माणसासारखं, आणि तेच ऋजुताला सोसवलं नाही.

"हो," ती म्हणाली. "ही माझी आई."

सिस्टर सातपुतेचं नाव पटावरून उतरवण्यात आलं.

त्या दिवशी ऋजुता सांगलीतच पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी तिला मिठाची चव लागली. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीच्या काचेवर डोकं टेकलं आणि त्या ट्रॉलीजवळच्या पाण्याच्या ग्लासाची आठवण काढून हसली. सूड गोड असतो असं ती पुष्कळ पुस्तकांत वाचत आली होती. लेखकांना ही गोष्ट बरोबर ठाऊक होती, हे तिनं मनातल्या मनात मान्य केलं.

घरी आई म्हणाली, "शाबास बाळा."

निकालाबरोबर एक अट आली होती. आदेश लागू आहे तोवर साक्षीदार छाया ओळख पटवणाऱ्याच्या घरी, चालू स्थितीत, काही बदल न करता ठेवायची. अपील झालं तर पुरावा हवा. ओळख मागं घेतली तरच छाया पुसता येईल, पण मग आदेशही पडेल आणि खोटी ओळख दिल्याचा खटला नातलगावर उभा राहील.

ऋजुताला आधी ती अट दिसलीच नाही. मग हळूहळू तिच्याशिवाय काही दिसेना.

तिनं नळ चालू ठेवून बघितला. आई म्हणाली, असू दे गं, होतं असं. तिनं रात्री जेवण टाकलं. आई म्हणाली, इच्छा नसेल तर नको खाऊस. तिनं नोकरी सोडल्याचं खोटं सांगितलं. आई म्हणाली, तू विचार करूनच केलं असशील. एकदा ती पडद्यासमोर उभी राहून ओरडली की तू मूर्ख बाई आहेस, एसटीतल्या लोकांनी तुला कसं सोसलं. आई हसली आणि म्हणाली, बाळा, थकलीयेस तू. घड्याळ काढून ठेवलं तर आणखी वाईट झालं. नाडी मिळेना म्हणून आई यंत्राच्या ठरावीक मऊपणावर गेली आणि भिंतीला हात लावावा तशी लागू लागली.

आणि रोज ऋजुता एकदा तरी विचारायची, आई, त्या दिवशी सिस्टरला तू काय म्हणालीस? आई रोज उत्तर द्यायची. रोज वेगळं. सगळी उत्तरं प्रेमळ.

मिरजेला ती गेली ते माफी मागायला नव्हे. सौदा करायला गेली. अनुग्रहा सातपुते भावाच्या बेकरीत होती, मागच्या खोलीत, पुड्यांत खारी भरत. हात तसेच चपळ चालत होते. ऋजुताला बघून तिनं एक स्टूल पुढं सरकवलं आणि या वेळी पाणी विचारलं नाही.

ऋजुतानं सांगितलं की आई काय म्हणाली ते सांगा, मी ओळख मागं घेते. उद्याच. तुमची नोकरी परत मिळेल.

सिस्टर पुडी बंद करत म्हणाली, "मी आत्ता काही सांगितलं तर ते नोकरीसाठी सांगितलेलं होईल. त्यावर विश्वास कसा ठेवाल? मी काहीतरी गोड बनवून सांगितलं तर?"

"मला कळेल."

"कसं?"

"गोड असलं तर ते तिचं नसेल."

सिस्टर पहिल्यांदा हसली, आणि हसताना तिचा चेहरा कडवट झाला. "तुम्ही एवढं ओळखता. आणि मंडळासमोर त्या पडद्याला आई म्हणालात."

ऋजुता समोरच्या पुड्या मोजू लागली.

"मला तुमचा राग येत नाही असं समजू नका," सिस्टर म्हणाली. "येतो. या खारीच्या वासानं रोज येतो. वॉर्डात माझ्या जागी आलेली मुलगी पोरसवदा आहे, तिला वाकून बघितल्याशिवाय लघवीची पिशवी भरलेली कळत नाही, या विचारानं येतो. पण मॅडमना मी शब्द दिला, तो तुम्हाला शिक्षा म्हणून पाळत नाहीये. त्यांना दिला म्हणून पाळतेय. तुमची सही झाली तरी तो सुटत नाही."

"ती मेली आहे."

"हो. म्हणून तर. जिवंत असत्या तर विचारून आले असते."

ऋजुता उठली. दारात पोचेपर्यंत तिला वाटत होतं की या बाईला पुन्हा एकदा धुळीला मिळवावं, काहीतरी आणखी शोधावं. वळून ती बोलली ते तिच्याच कानाला फार मोठं लागलं. "तुम्ही फार शहाण्या समजता स्वतःला."

"बरं झालं," सिस्टर मागून म्हणाली. "तुम्ही निदान खेकसता तरी."

त्यानंतरही ऋजुतानं बरेच दिवस काढले. कोण आधी मोडतं ते बघू, असं तिनं ठरवलं होतं. बेकरीतली बाई की ती. पडद्यावरच्या आईला या शर्यतीचा पत्ता नव्हता. ती रोज संध्याकाळी, आलीस बाळा, म्हणत होती. एका संध्याकाळी ऋजुता दारात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ती बाहेरच थांबली आहे, किल्ली हातात घेऊन, आत जायला लागू नये म्हणून. आईही अशीच पडली असेल, दुसरीकडे तोंड करून, पडद्यावरची मुलगी गप्प व्हायची वाट बघत. फरक एवढाच की आईनं विचारलं, आणि तिला खरं सांगणारं कुणीतरी होतं.

सांगलीच्या त्याच खोलीत पंखे तसेच आवाज करत होते. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना बोलावणं होतं. सातपुते सिस्टर शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. समोर पडदा चालू होता आणि हिरव्या साडीतली आई ऋजुताकडे मायेनं बघत होती.

पेंढारकर बाईंनी कायदा वाचून दाखवला. खोटी ओळख दिल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, कॉलेजातली जागा जाऊ शकते, याची कल्पना आहे ना? ऋजुता म्हणाली, आहे. कुणाचा दबाव आहे का? नाही.

"सिस्टरना माफ केलंत, म्हणून मागं घेताय?"

"नाही. माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही. त्यांच्याजवळ माझी एक वस्तू आहे आणि ती त्या मला कधीच देणार नाहीत."

"मग कशासाठी?"

"ही माझी आई नाही."

"त्या दिवशी तुम्ही ओळखलं होतं."

"खोटं बोलले."

"आणि आज खरं बोलताय ते कशावरून? आवाज त्यांचा आहे, चेहरा त्यांचा आहे. नाही म्हणायला काहीतरी आधार हवा मंडळाला."

ऋजुतानं पडद्याकडे बघितलं.

"निकालापासून इतके दिवस माझ्या घरात आहे," ती म्हणाली. "एकदाही माझ्यावर खेकसली नाही."

तेवढ्यात पडद्यावरून तो मऊ आवाज आला. "बाळा, नको त्रास करून घेऊस. तुझं काही चुकलं ना—"

"बंद करा ते!"

शब्द खोलीच्या टोकाला जाऊन आपटले. यंत्राशेजारी पेंगत बसलेल्या शिपायानं दचकून बटण दाबलं आणि हिरवी साडी विझली. आणि शेवटच्या बाकावर अनुग्रहा सातपुते, काही विचार करायच्या आत, ताडकन उठून उभी राहिली होती. मॅडमच्या खाटेवरून हाक आल्यावर उठावं, तशी.